दुसऱ्या दिवसाचा गोळा

अण्णा, परवा तुमची शोकसभा झाली. वकीलमंडळींनी धारवाडात मळमड्डीतल्या शाळेचं सभागृह घेतलं होतं. तुमच्या फोटोला हार, फोटोसमोर समई, समईशेजारी माईक. जो उठेल तो समता म्हणत होता. मग ते सोनेरी चष्म्याचे वकील उठले, तुमचे चाळीस वर्षांपासूनचे मित्र. म्हणाले, ‘अण्णांच्या सगळ्याच आठवणी रडवणाऱ्या नाहीत.’ आणि त्यांनी गोळ्याची गोष्ट सांगितली. या वर्षीच्या एक जानेवारीला अण्णांचा तो स्कॉटिश गोळा कसा बुडाला, मोलकरणीनं शिवलेलं फडकं पातेल्यात कसं फाटलं, आणि अण्णा फोनवर कसे म्हणाले, ‘आता वाटी घेऊन या, सार म्हणून पिऊ.’ सभागृह हसलं. पुढच्या रांगेत पुण्याहून आलेली तुमची लेक मंजिरीसुद्धा डोळे पुसतापुसता हसली.

मागच्या भिंतीशी पारव्वा उभी होती. अळणावराकडची, तुमच्याकडे अठरा वर्षं धुणंभांडी करणारी पारव्वा. ती हसली नाही. मीही नाही. त्या दिवशी तुमच्या घरात आम्ही दोघी होतो आणि फडकं फाटलं नव्हतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पत्रकात ‘म्हणतात’ आलं की ते खोडायचं आणि कोण म्हणतं ते लिहायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून लिहिते.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती कॉलेजची नोटीस घेऊन. वसतिगृहाच्या जेवणाविरुद्ध पत्रक काढलं होतं, काढून टाकायची धमकी आली होती. तुम्ही नोटीस बाजूला ठेवलीत आणि पत्रक वाचलंत. ‘अळ्या भातात होत्या की पत्रकात? भाषा बघ किती वळवळते.’ मग पेन्सिल घेऊन ‘घृणास्पद’, ‘अमानुष’, ‘नारकीय’ अशा एकेका शब्दावर रेघ मारत गेलात. ‘विशेषणं काढ. अळी पुरेशी आहे.’ नोटीस तुम्ही एका वकिली पत्रानं गार केलीत. फी विचारली तर म्हणालात, ‘पुढचं पत्रक आधी मला दाखव.’ तेव्हापासून मी तुमची पत्रकबाई. आणि त्याच हिवाळ्यात तुमच्याकडून पहिल्यांदा निरोप आला: उद्या सकाळी ये, शिळं खायला.

ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही तरुणपणी दोन वर्षं ग्लासगोत शिकायला होतात. तिथली घरमालकीण म्हातारी नव्या वर्षाला हा गोळा करायची. कणीक, पावाचा चुरा, बेदाणे, दालचिनी, सुंठ. ती त्यात चरबी घालायची, तुम्ही लोणी घालायचात. तिच्या साखरेऐवजी तुमचा गूळ. सगळं दुधात भिजवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या फडक्यावर पीठ भुरभुरून, त्याची मोटली बांधायची आणि मोठ्या पातेल्यात अर्धा दिवस उकडायची. फडकं सोडवलं की गोळ्याला पातळ, चकचकीत साल धरलेली असायची. धारवाडात असला पदार्थ दुसऱ्या कुणाच्या घरी होत नव्हता आणि तुम्हाला त्याचा तोरा होता.

एक तारखेला तो दिवाणखान्यात कापला जायचा. वकील, प्रोफेसर, डॉक्टर, त्यांच्या बायका, बशा, चमचे. उरलेला दोन तारखेला सकाळी स्वयंपाकघरात. तुम्ही तवा टाकायचात, बोटभर जाडीचे काप तुपात दोन्ही बाजूंनी तांबूस करायचात, आणि तव्याभोवती जमिनीवर आम्ही: कामगार युनियनची माणसं, मी, पारव्वा. ‘काल हा नुसता गोळा होता,’ तुम्ही उलथनं हलवत म्हणायचात, ‘आज खाणं झालाय. शिळेपणानं याचं भलं होतं. माणसाचं होत नाही.’ कडा कुरकुरीत, बेदाणे तुपात फुगलेले. खरोखर सुंदर लागायचा. आम्ही गाणी म्हणायचो. आम्ही स्वतःला दुसऱ्या दिवसाचे म्हणवून घ्यायचो, जशी काही ती पदवी.

मग आम्ही मोलकरणींची संघटना बांधायला घेतली. पहिलं पत्रक सणाच्या सुट्टीचं होतं. सुट्टी मागितली की घरोघर उत्तर एकच: सुट्टी कशाला, पुरणपोळ्या उरल्यात त्या ने. तुम्ही माझा मथळा खोडलात आणि स्वतःचा घातलात, ‘शिळं देणं म्हणजे सुट्टी देणं नव्हे’. चांगला मथळा होता. केलगेरीच्या तळ्याजवळ दुपारी बायका जमल्या, मी तो मोठ्यानं वाचला. बायका सांगायला लागल्या: कुणाला आंबलेली आमटी, कुणाला दिवाळीचे लाडू संक्रांतीच्या तोंडावर. सगळ्यांचं झाल्यावर पारव्वा म्हणाली, ‘अण्णांच्याकडं बी वर्षातनं एकदा शिळंच खातो की आपण. गाणी म्हणून खातो, तेवढंच.’

बायका हसल्या. पारव्वाही हसली, तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र पुढचं वाचता येईना. सभा संपवून मी सरळ तुमच्याकडे आले. तुम्ही आरामखुर्चीत पेपर घेऊन बसला होतात.

‘अण्णा, पारव्वाला एक तारखेला का नाही बोलावत?’

‘अगं, एक तारखेला तो कच्चाच असतो.’

‘मग वकिलांना कच्चं का घालता?’

‘त्यांना कुठं कळतंय.’

‘हसू नका. पत्रकावर मथळा तुमचा आहे.’

तुम्ही हसायचं थांबलात आणि ग्लासगो काढलंत. तिथंही असंच होतं म्हणालात. पहिल्या दिवशी म्हातारीची घरची माणसं पुढच्या खोलीत. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात तवा, आणि कोळसेवाला, दूधवाला, तुम्ही, सगळे एका टेबलाशी. ‘समाजवाद मला पुस्तकात भेटला नाही पत्रकबाई. त्या तव्यावर भेटला.’

हे वाक्य तुम्ही आम्हाला दर दोन जानेवारीला ऐकवायचात. त्या दिवशी मी पहिल्यांदा पुढचा प्रश्न विचारला.

‘आणि पहिल्या दिवशी तुम्ही कुठं असायचात?’

‘वर. माझ्या खोलीत.’

‘खाली बोलावत नव्हती?’

तुम्ही पेपर उचललात. नीट सरळ धरलात, पान उलटलंत, दुसरं उलटलंत. मग पेपराच्या आडून म्हणालात, ‘जिन्यावरनं वास यायचा.’

‘पारव्वालाही येत असणार,’ मी म्हटलं.

‘जा आता,’ तुम्ही म्हणालात.

मी गेले. त्यावरून मंजिरीनं मला नंतर फोनवर झापलं, म्हाताऱ्या माणसाला इतकं बोलायचं का म्हणून. बोलायचंच होतं. दोन वर्षं एका काळ्या पोराला शिळ्या दिवशी खाली बोलावलं आणि त्यानं त्याचं तत्त्वज्ञान केलं. केलं तर केलं, तुमचा अपमान तुम्ही कसाही गिळा. पण तेच तुम्ही आम्हाला वाढत होतात, वर आम्ही गाणी म्हणत होतो.

पण तुम्ही तुम्हीच होतात. डिसेंबर आला आणि निरोप आला: यंदा एकच दिवस, एक तारखेला, सगळे एकत्र टेबलाशी. तुम्ही फोनची वही घेऊन बसलात आणि आमंत्रणं सुरू केलीत. प्रत्येकाला शेवटी एक वाक्य: ‘आमची पारव्वा पण आपल्याबरोबर बसणार आहे हं.’

मी म्हटलं, ‘सांगताय कशाला? आले की बघतील. बसलेल्या माणसाला कोण उठवतंय?’

‘फसवून समता करायची नाही,’ तुम्ही म्हणालात आणि पुढचा नंबर फिरवलात.

अण्णा, ते वाक्य मी जन्मभर सांभाळीन. म्हणूनच पुढचं माफ करता येत नाही.

फडकं पारव्वानं केलं होतं. तुमच्या जुन्या धोतराचा चौकोन, कडेनं दुहेरी टाके. ‘गोळा फुगतो, ताण येतो,’ म्हणाली होती. एक तारखेला पहाटे शेगडी पेटली. पारव्वा इरकल नेसून आली आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळली. तुम्ही पुढचं दार उघडून उभेच होतात. ‘इकडनं ये गं. आज पाहुणी आहेस.’ ती पायरीवर थबकली, चप्पल कुठं काढायची ते तिला कळेना. तुमच्या दारात इतकी वर्षं, पण पुढच्या दारात चप्पल कधी काढली नव्हती.

टेबलाभोवती तुम्ही खुर्च्या मांडल्या होत्या, कमी पडल्या म्हणून शेजारच्यांच्या आणल्या होत्या. युनियनवाले हुबळीत कामगारांच्या निदर्शनात अडकले होते, संध्याकाळी येतो म्हणाले होते. बाकी सगळे धारवाडातलेच, स्कूटरच्या अंतरावरचे. आम्ही तिघं बसलो. मध्ये गोळा, तासलेल्या दगडासारखा गुळगुळीत, वाफा सोडणारा. रस्त्यावर रिक्षा थांबली की तुम्ही मान वर करायचात. रिक्षा पुढं जायची. जेवायची वेळ टळली. पारव्वाच्या बांगड्या टेबलावर वाजायच्या, म्हणून तिनं हात मांडीवर घेतले.

मग ती म्हणाली, ‘अण्णा, मी उठते. मी उठले की येतील.’

‘बस.’

‘तसं न्हाई, मला काय वाईट वाटत न्हाई. मागल्या बाजूला बसते की.’

‘पारव्वा, तू उठलीस तर मी पण उठेन. मग या गोळ्यानं कुणाकडं बघायचं?’

तुम्ही सुरी घेतलीत आणि पहिला काप कापलात, तिच्या बशीत घातलात, त्यावर गरम दूध ओतलंत. थोडं दूध टेबलक्लॉथवर सांडलं. पारव्वा पुसायला उठायला लागली आणि आपली आपणच परत बसली. एक घास घेतला.

‘कसा आहे?’

‘मऊ आहे की,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं हा कडकच असतो.’

अठरा वर्षं तिनं तो तुपात कडक केलेलाच खाल्ला होता. तुम्ही चष्मा काढून बराच वेळ पुसत बसलात. तेव्हा माझं तुमच्यावर जेवढं प्रेम होतं तेवढं माझ्या बापावरसुद्धा नव्हतं.

फोन यायला लागले ते उन्हं उतरल्यावर. एकाचा मेहुणा बेळगावाहून आला होता. एकाचा गुडघा धरला होता. एकाच्या बायकोचं डोकं चढलं होतं. सोनेरी चष्म्याच्या वकिलांची गाडी सुरू होत नव्हती. तुमच्या घरापासून त्यांचं घर पारव्वा चालत पाच मिनिटांत गाठते, तिथंही ती कामाला होती. फोन तुमच्या बोळात, बोळाच्या टोकाला मोरी, मोरीत पारव्वा. इरकल गुडघ्यापर्यंत खोचून ती ते मोठं पातेलं घासत होती. पाहुणचार संपला होता.

आणि तुम्ही फोनवर वकिलांना म्हणालात, ‘अरे बरं झालं आला नाहीत. गोळा बुडाला यंदा. फडकंच फाटलं हो. पारव्वानं शिवलं होतं, आता काय बोलायचं. या, वाटी घेऊन या, सार म्हणून पिऊ.’ आणि हसलात. मग पुढच्याला तेच सांगितलंत. त्याच्या पुढच्याला तेच. शेवटच्या फोनपर्यंत गोष्ट इतकी घोटून झाली होती की तिला रंग आला होता.

मोरीतला घासण्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं परत सुरू झाला.

वीस माणसांचा गोळा तिघांत किती संपणार? युनियनवाले रात्री उशिरा परतले, दमून घरी गेले. दोन तारखेला तुम्ही तवा टाकलात. तीन तारखेला काप दुधात वेलदोडा घालून शिजवलेत. मग चुरा करून, खोबरं घालून, वड्या थापल्यात. पारव्वा म्हणाली, थोडा वाटून टाकूया की गल्लीत. तुम्ही म्हणालात, नको. मी म्हटलं, वकिलांच्या घरी एकेक काप पाठवूया, केळीच्या पानात बांधून, मी नेऊन देते. तुम्ही म्हणालात, तेही नको. तुम्ही तो सगळा आपणच खात होतात, पोट बिघडलं तरी खात होतात. जन्मभर वकिली केलीत आणि पुरावा तुपात तळून संपवलात.

मी विचारलं का म्हणून.

‘इरली बिडु, असू दे,’ तुम्ही म्हणालात. ‘चाळीस वर्षांची माणसं आहेत. त्यांना परत यायला तोंड राहायला पाहिजे.’

‘आणि पारव्वाला?’

‘तिला कळतं गं.’

तिला कळतं. तुमच्या तोंडून हे वाक्य? घराघरातल्या मालकिणी हेच म्हणतात म्हणून आपण त्यावर अख्खं पत्रक काढलं होतं. आमच्या बाईला कळतं, ती मागत नाही. आमच्या बाईला कळतं, ती आपणहून खाली बसते. अण्णा, तिला कळतं म्हणून तर ती त्या दिवशी उठत होती. तुम्ही तिला बसवलंत, आणि न आलेल्यांची लाज तिच्याच फडक्यात बांधलीत.

तुम्ही बोललात आणि मोकळे झालात. पण खोटं मळमड्डीत फिरायला लागलं. नळावर बायका तिला विचारायच्या, अण्णांचा गोळा बुडवलास म्हणे? सोनेरी चष्म्याच्या वकिलांच्या बायकोला तर फार गंमत वाटायची. पाहुणे आले की पारव्वाला बोलावून सांगायची, हीच ती. चैत्रात त्यांची एक जुनी रेशमी साडी धुण्यात विरली. घडीवरच कुजलेली होती, हात लावला की जाणार. बाई म्हणाल्या, ‘अण्णांचं फडकं फाडलंस, आता माझी साडी. तुझ्या हाताला काही टिकत नाही.’ काम सुटलं. अण्णांनीच सांगितलंय म्हटल्यावर खरंखोटं कोण करणार?

मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवत होतात. चमचा खाली ठेवलात, खरोखरच हादरलात, मी बघितलं. ‘मी बोलतो,’ म्हणालात.

पावसाळा आला. गणपतीत ते वकील तुमच्याकडे आरतीला आले, तुम्ही दोघं ओट्यावर बसून खूप हसलात. मी विचारलं. ‘वेळ बघून बोलतो.’ दसऱ्याला सोनं द्यायला तुम्ही त्यांच्याकडे गेलात. त्या घरात तेव्हा नवी बाई होती, तिनं तुम्हाला पाणी दिलं असेल. परत आलात ते दमून. ‘आज माणसं फार होती,’ म्हणालात.

मग दवाखाना. नाकात नळी, हाताला सुई. तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, नव्या पत्रकाची छपाई स्वच्छ आलीय का, मागच्या वेळी शाई पुसत होती. म्हटलं, स्वच्छ आलीय. पारव्वा रोज तुमच्यासाठी पेज आणायची, तुमचे पाय चेपायची. तुम्ही तिच्याकडे बघायचात आणि डोळे मिटायचात. मी तेव्हा तो विषय काढला नाही. काढला असता तर तुम्ही परत ‘बोलतो’ म्हणाला असतात, आणि त्या अवस्थेत मी तो शब्द खरा मानला असता.

तुम्ही गेल्याचं पत्रक मीच लिहिलं. रात्री लिहिलं, सकाळी वाटलं. विशेषणं तशीच राहिलीत अण्णा. खोडायला कुणी नव्हतं.

परवा सभा संपल्यावर मी पारव्वाला दाराबाहेर गाठलं. ती चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधत होती.

‘अण्णांवर रागावलीस का गं?’

‘आता त्यांच्यावर रागावून कुठं जाऊ अक्का? मला टेबलाशी बसवलं ते त्यांनीच. फडकं फाटलं म्हणाले ते बी त्यांनीच.’ चप्पल मिळाली, ती पायात सरकवून तिनं पदर नीट केला. ‘फडकं माझ्याकडं हाय. मोरीतनंच नेलं त्या दिवशी, त्यांना बोलले न्हाई. एक टाका उसवलेला न्हाई.’

‘मग आत सांगायचं होतंस की, सगळ्यांसमोर.’

‘त्यांच्या फोटोसमोर?’ ती म्हणाली. ‘मला वकिलांचं ते घर परत पाहिजे बघ. वाटेवरचं होतं.’

उद्या सकाळी आम्ही दोघी त्या घरी जातोय. पुढच्या दारानं. फडकं पारव्वा बरोबर घेणार आहे. बाई ते हातात घेतील की नाही माहीत नाही, साडीचं काय म्हणतील तेही माहीत नाही. आजवर मळमड्डीत काय, हुबळीत काय, एखादं दार उघडेना झालं की आम्ही म्हणायचो, अण्णांनी पाठवलंय, आणि दार उघडायचं. कितीतरी बायकांचं सुटलेलं काम आम्ही नुसत्या तुमच्या नावावर परत मिळवलं. ते तुमचं देणं आहे, मी कुठंही कबूल करीन.

उद्याच्या दारात मात्र ते नाव घेता येणार नाही. तिथं साक्ष तुमचीच आहे, आणि ती आमच्या विरुद्ध आहे.